प्रेषित वायसनची काठी

शनिवारी सकाळी दहाच्या आतच आमच्या मसुला गावच्या मासळी वाळवायच्या मैदानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बोटभर लांबीची उसिपा मासळी ज्या बांबूच्या मांडवांवर पसरायची, त्या मांडवांवर माणसं चढून बसली होती. मासळी टोपल्यांतच राहिली होती आणि ऊन चढेल तशी नासत चालली होती. एरवी इथल्या बायकांनी टोपलीभर उसिपासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या. त्या दिवशी तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

सरोवराच्या काठाला होड्यांची रांग लागली होती. कुणी आजीला पाठीवर बांधून आणलं होतं, कुणी बापाला सायकलच्या कॅरियरवर बसवून. मी प्राथमिक शाळेत शिकवते, पोरं मोजायची माझी खोड आहे. कान वाहणारी सत्तावीस पोरं मी मोजली आणि मग मोजायचं सोडून दिलं. कुणाच्या कानात कापूस, कुणाच्या चिंधी, एकाच्या तर मक्याच्या कणसाची साल कोंबलेली. माश्या बरोबर त्यांनाच हेरत होत्या.

दोन होड्या उपड्या घालून, वर फळ्या टाकून मंच केला होता. त्यावर प्रेषित वायसन काम्वेंडो उभा होता. निळा टोपीचा झगा, चकचकीत बूट आणि हातात दीड हात लांबीची, काळ्या लाकडाची गुळगुळीत काठी.

"मसुल्याच्या लेकरांनो," तो म्हणाला, "आज स्वर्गातून थेट फोन येणार आहे. मी कोण? मी नुसती तार. तारेच्या कुणी पाया पडतं का? माझ्या पाया पडू नका."

लोक ताबडतोब गुडघ्यांवर बसले. त्यानंही कुणाला उठवलं नाही.

"डॉक्टर कुठे बघतो? कानात. बॅटरी लावून बघतो. अरे, सैतान काय झुरळ आहे का, बॅटरी लावली की सापडायला? तो बसतो कानामागे, हाडात. आणि त्याला बाहेर काढायचं औषध कुठल्याही बाटलीत मिळत नाही."

सैतानाचा इतका नेमका पत्ता याला कुणी दिला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मग गोगो नाफिरीला मंचावर चढवलं. गावातली सगळ्यांत म्हातारी आजी, म्हणून लहानथोर सगळेच तिला गोगो म्हणतात. वीस वर्षं तिच्या कानात काही शिरलेलं नाही. तिच्याशी बोलायचं तर खुणा करायच्या, नाहीतर तोंड कानाला लावून ओरडायचं. प्रेषितानं हात वर केला, तसं गायनमंडळ सुरू झालं, ढोल सुरू झाले, आणि असा गदारोळ उठला की होड्यांवरचे बगळे उडून गेले. त्या गदारोळात त्यानं काठीचं एक टोक गोगोच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. दुसरं टोक स्वतःच्या हनुवटीखाली धरलं, मान खाली घातली, झग्याची टोपी पुढे ओढली आणि प्रार्थनेत बुडाल्यासारखा उभा राहिला.

गोगोचा चेहरा पालटला. आधी घाबरला, मग रडवेला झाला. प्रेषितानं हात खाली केला, गाणं थांबलं, आणि गोगो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला हाक आली. 'एलिना, ऊठ' म्हणाला. मला एलिना फक्त माझी आई म्हणायची."

मैदानात जे काय झालं ते मी सांगत बसत नाही. बायका मातीत लोळल्या. आपल्या पोराचा नंबर आधी लागावा म्हणून दोन बाप एकमेकांचा गळा धरून राहिले.

मी हाताची घडी घालून मागे उभी होते. मोठ्यानं म्हणाले, "सगळं नाटक आहे. असल्या लोकांची माणसं भाड्याची असतात."

माझ्या शेजारी मासळीवाली काचालेबाई, आमच्या भाषेत अमायी काचाले, उभी होती. ती वळली. "मॅडम, गोगो नाफिरी भाड्याची आहे का? चाळीस वर्षं ती माझ्या कुंपणाला लागून राहते. भाडं कोण देतं तिला, मी देते?"

चार माणसं हसली. अमायीला जोर चढला. "तुमच्या त्या खिळ्यात वारा शिरला असेल. घरी जाऊन काढून पुसा."

मी हाताची घडी सोडली. कारण ती म्हणाली ते खरं होतं. मंचावर चढलेला एकही माणूस भाड्याचा नव्हता. सगळे आमचेच होते, आणि त्यांना खरंच काहीतरी ऐकू आलं होतं. बुवाबाजी म्हणजे भाड्याचे लंगडे नि भाड्याचे आंधळे, एवढंच मला ठाऊक होतं. तेवढ्या शहाणपणावर मी पैज मारली आणि सगळ्या गावासमोर हरले.

आता माझ्या खिळ्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. माझं नाव एस्नाट. लहानपणी माझे दोन्ही कान वाहायचे. वाहून वाहून पडदे गेले आणि पडद्यामागची आवाज पोचवणारी तीन चिमुकली हाडंही गेली. पण त्याच्याही आत जो शंख असतो, खरं ऐकण्याचं काम करणारा, तो शाबूत राहिला. म्हणजे घरातला माणूस जिवंत होता, दार तेवढं गाडलं गेलं होतं. सहा वर्षांपूर्वी शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी उजव्या कानामागच्या कवटीत एक छोटा स्क्रू बसवला. रोज सकाळी मी त्याच्या भोवतीची कातडी मऊ ब्रशनं साफ करते आणि त्यावर काडेपेटीपेक्षा लहान डबी बसवते. खटकन बसते. ती डबी हवेतला आवाज पकडते, थरथरते, आणि ती थरथर हाडातून थेट शंखापर्यंत जाते. दाराला वळसा घालून भिंतीतून हाक मारावी तसं. वारा आला की डबीत घोंघावतं, कोण कुठून बोलतंय ते कळत नाही, आणि भाजलेलं कणीस खाताना दुसऱ्याचं बोलणं बुडून जातं. पण मी ऐकते, वर्गात चाळीस पोरं आवरते. गावातली कार्टी मला खिळेवाली म्हणतात. म्हणेनात का.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, लोनेसच्या मुलीचं नाव ताडाला. वय वर्षं नऊ, कान माझ्यासारखेच. डावा जास्त वाईट, त्यात हाड पोखरणारी गाठ झाली होती. जिल्ह्याच्या इस्पितळात कानांचं काम बाम्बो चिसाले बघतात; बाम्बो म्हणजे आदरानं बाबा म्हणतो तसं. त्यांनी शहरातून ऑपरेशनची तारीख मिळवली होती. येत्या गुरुवारची. आधी गाठ काढायची, कान कोरडे करायचे, मग सावकाश तिलाही माझ्यासारखा स्क्रू. तोवर ऐकायला म्हणून त्यांनी इस्पितळाची एक डबी डोक्याला बांधायच्या पट्ट्यावर लावून दिली होती. ती बांधल्यावर ताडाला पहिल्यांदा बडबडायला लागली आणि मग थांबेचना.

शनिवारी संध्याकाळी मी लोनेसकडे गेले तर ताडालाच्या डोक्याला पट्टा नव्हता.

"पट्टा कुठाय?"

"टोपलीत टाकला," लोनेस म्हणाली. "सगळ्यांनी टाकलं. थेंबांच्या बाटल्या, कापूस, इस्पितळाची कार्डं. प्रेषितांची माणसं टोपली होडीत घालून घेऊन गेली आणि खोल पाण्यात बुडवली."

"ऑपरेशनचं कार्डसुद्धा?"

तिनं मान डोलावली.

"लोनेस, तिच्या कानातून पू येतोय. वास इथपर्यंत येतोय."

"प्रेषित म्हणाले येऊ दे. सैतान सामान बांधून निघालाय, ते त्याचं सामान आहे. अडवलं तर परत आत जाईल." मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि तिला ऐकू आलं, ताई. तू निघून गेल्यावर काठी लावली, तेव्हा ऐकू आलं. माझ्या पोरीला खिळेवाली नाही करायची मला. तुला बघितलंय मी. तुला लग्नात कोण काय बोललं, नवरा कशावरून गेला, सगळं बघितलंय."

ते मला लागलं, नाही कशाला म्हणू. पण मी ऐकू येण्याचाच मुद्दा धरून ठेवला. "आता ऐकू येतं का तिला? हाक मार बघू."

लोनेसनं हाक मारली नाही. ताडाला अंगणात तिच्या कोंबडीपाशी बसली होती, आमच्याकडे पाठ करून. आम्ही दोघी तिच्याबद्दल भांडत होतो आणि तिला पत्ताच नव्हता.

आमच्यात पोरांवर मामाचा शब्द चालतो. इस्पितळातल्या कागदावरही त्याचीच सही होती. म्हणून मी आमच्या भावाकडे, लामेककडे गेले. तो जाळं शिवत होता. म्हणाला, "एक शनिवार थांबू. प्रेषित म्हणालेत, दुसऱ्या वेळी ऐकणं टिकतं. तारीख काय, परत मिळेल."

गुरुवार तसाच गेला. बुधवारीच ताडालाला ताप भरला होता. शुक्रवारी सकाळी तिच्या डाव्या कानामागे लिंबाएवढी सूज आली. कान पुढे ढकलला गेला होता. ती भिंत धरून चालत होती आणि 'आई, घर फिरतंय' म्हणत होती. मी बाम्बो चिसालेंना निरोप टाइप करून पाठवला. उत्तर एका मिनिटात आलं: आजच आणा, पू आत शिरतोय, मेंदू तिथून बोटभरच लांब आहे.

मी ते लामेकला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी अभिषेक झाला की लगेच निघू. चोवीस तासांनी काय होतंय." त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. पण शब्द दिला होता प्रेषिताला, आणि सगळ्या गावासमोर. मी पोरीला उचलायला गेले तर लोनेस दारात आडवी झाली. ती रात्र मी त्यांच्या ओसरीवर बसून काढली.

शनिवारी मैदानात मागच्या दुप्पट माणसं होती. मंचाजवळ लोनेस ताडालाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचं डोकं एका बाजूला कललं होतं, डोळे अर्धवट मिटलेले. लोक तिच्याकडे बघून कौतुकानं म्हणत होते की सैतान आता जोर लावतोय.

मी मंचाकडे गेले नाही. मी रांगेत उभी राहिले.

मंचावर जायच्या आधी तेल लावायची रांग असते. दोन बाया तिथे बसतात. नाव काय, घरी काय म्हणतात, आई काय म्हणायची, असं शेजारच्या नातेवाइकाला गोड बोलून विचारतात आणि मग रुमालानं कानामागे तेल लावतात. मागच्या शनिवारी मी ही रांग लांबून बघितली होती, आणि तेल काय, तेलच, म्हणून सोडून दिलं होतं. माझ्यापुढे बाम्बो मटेम्बा होते. तीस वर्षं साखर कारखान्यात चरकाशेजारी उभे राहून बहिरे झालेले. बाईनं त्यांना तेल लावलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डावीकडे बोट केलं. डावीकडे म्हणजे घरी. तिथल्या माणसानं त्यांना छातीवर हात आपटून खूण केली: पाप कबूल केलेलं नाहीस. तो सत्तरीचा माणूस तिथेच मातीत बसला आणि रडायला लागला.

मग माझी पाळी आली. मी आधीच डबी काढून खिशात ठेवली होती. जग शांत झालं होतं. बाईचा रुमाल कानामागे टेकला, गार काहीतरी हाडाला लागलं, आणि माझ्या डोक्यात एक सूर उभा राहिला. स्वच्छ, लांब, एकच सूर.

तो सूर मी कितीदा तरी ऐकलाय. दर सहा महिन्यांनी बाम्बो चिसाले दोन शिंगांचा पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटतात आणि त्याची दांडी माझ्या कानामागे टेकवतात. ऐकू आला की कळतं, बहिरेपण वाटेतलं आहे, आतला शंख जिवंत आहे. नाही आला तर शंखच गेलाय.

भाड्याची माणसं लागणारच कशाला? हा माणूस चाळणी लावून बसला होता. ज्यांचं दार बंद पण घरातला माणूस जिवंत, ते उजवीकडे, मंचावर. ज्यांचा शंख मेलेला, ते पापी, घरी जा. इस्पितळात ज्या कामाला तपासणी म्हणतात, तेच काम त्यानं तेलाच्या रुमालाखाली लपवलं होतं. बाईनं उजवीकडे बोट केलं.

मला मंचावर बघून प्रेषिताला इतका आनंद झाला की त्यानं मिठी मारायचीच बाकी ठेवली. मी डबी परत लावली, म्हणजे तो काय बोलतो ते कळावं.

"बघा, कोण आलं बघा," तो लोकांना म्हणाला. "तुमच्या पोरांना दोन आणि दोन चार शिकवणारी. हिच्या डोक्यात माणसांनी खिळा ठोकला. मला सांगा, देवानं डोकं घडवलं तेव्हा त्याच्याकडे खिळे नव्हते का? लागला असता तर त्यानंच नसता का ठोकला?"

लोक हसले. मीही हसले. त्याच्या बुटांना खिळे होते, पण म्हटलं जाऊ दे. मी सगळ्यांसमोर डबी काढली आणि हातात धरली.

गाणं सुरू झालं असणार. समोर दोनशे तोंडं उघडत होती, ढोलांवर हात पडत होते आणि माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. काठीचं टोक माझ्या डाव्या कानामागे टेकलं. आणि डोक्याच्या मधोमध एक जाड, घोगरा आवाज बोलला:

"एस्नाट, मी तुझा देव. तो खिळा उपटून टाक."

कबूल करते, माझ्या अंगावर काटा आला. कारण कळूनही तो येतोच. ज्याला वर्षानुवर्षं काही ऐकू आलेलं नाही त्याला काय होत असेल, हे मला त्या क्षणी समजलं. आणि मग देवानं घसा खाकरला.

देवाला कफ झाला होता. मी वर पाहिलं. झग्याच्या टोपीखाली प्रेषिताचा कंठ वरखाली होत होता आणि काठीचं टोक त्या कंठाला घट्ट दाबलेलं होतं. गदारोळ कशाला हवा होता तेही उमगलं. त्याचा आवाज बाकीच्यांना त्या गदारोळात ऐकू जायचा नाही. आणि ज्याचे कान बंद, त्याला गदारोळच ऐकू येत नाही, फक्त काठी ऐकू येते.

मी हात वर करून काठीचं टोक त्याच्या गळ्यापासून बोटभर बाजूला सारलं. देव गप्प झाला. परत टेकवलं. देव बोलायला लागला, पण आता शिव्या देत होता.

मग मी काठी हिसकावली. तो बावरला, आणि तेवढा वेळ मला पुरला. मंचावरून खाली उतरले, एक टोक माझ्या गळ्याला लावलं, दुसरं ताडालाच्या कपाळाला, आणि गाण्याच्या त्या गलक्यात तिला विचारलं. तिचे ओठ हलले. मी डबी बसवली आणि हात वर करून गाणं थांबवलं.

"मोठ्यानं सांग," मी खूण केली.

ताडाला क्षीण आवाजात म्हणाली, "हेडमास्तर."

"मी हिला विचारलं, तुझ्या कोंबडीचं नाव काय," मी लोकांना सांगितलं. "लोनेस, काय नाव आहे?"

"हेडमास्तर," लोनेस पुटपुटली. ती माझ्याकडे बघतच राहिली होती.

मला वाटलं, झालं. आता लोकांना कळेल. पण समोर अमायी काचाले, मला खिळा पुसायला सांगणारी, गुडघ्यांवर बसली. तिच्यामागे तिची जाऊ बसली. मग रांगच्या रांग खाली बसत गेली. कुणीतरी ओरडलं, "देव त्याला सोडून मॅडमकडे आला." एका बाईनं तिचं कान वाहणारं तान्हं पोर माझ्या पायांशी ठेवलं.

खरं सांगते, तोवर मला राग होता. आता भीती वाटली. आणि राग, भीती सोडून आणखीही काहीतरी वाटलं. आयुष्यभर खिळेवाली म्हणवून घेतलेल्या बाईला सगळं गाव गुडघ्यांवर दिसलं, की क्षणभर बरं वाटतं. वायसन काम्वेंडो कसा घडला असेल ते मला तेव्हा समजलं.

"उठा," मी म्हणाले. "मुसळं आणा."

मैदानाच्या कडेला बायका आलेल्या पाहुण्यांसाठी मका कांडत होत्या. पाच-सहा उखळं, दहा-बारा मुसळं. "दोघी दोघी उभ्या राहा. एकीनं कानात बोटं घालायची, घट्ट. मुसळाचं एक टोक तिच्या कानामागच्या हाडावर. दुसरीनं दुसरं टोक गळ्याला लावायचं आणि मनात येईल ते बोलायचं. गाणारे, तुम्ही गा. अजून जोरात गा."

पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग लामेक पुढे आला. त्यानं एक मुसळ उचललं आणि अमायी काचालेच्या हाती दिलं. ती त्याच्याशी काय बोलली ते मला माहीत नाही, पण लामेक कानातली बोटं काढून म्हणाला, "माझी उधारी काढतेय ही." आणि लोक हसायला लागले. त्यानंतर मुसळांसाठी ओढाओढ सुरू झाली. ज्यांना मुसळ मिळालं नाही त्यांनी वल्ही आणली. सगळं मैदान एकमेकांच्या डोक्याला लाकूड लावून बोलत होतं. ढोलकरी गळ्याला ढोलाची टिपरी लावून बायकोशी बोलला.

मी तेलवाल्या बाईचा रुमाल ओढला. आत नादकाटा होता. गायनमंडळाचा म्होरक्या तो बघून म्हणाला, "हा तर सुराचा काटा. आपण याच्यावरून गाणं उचलतो. माझ्याही खिशात आहे." मग तो हळू आवाजात म्हणाला, "काम्वेंडो आधी वरच्या चर्चमध्ये गाणं बसवायचा." मीच सांगितलं असं नको म्हणून मी त्यालाच लोकांना समजावायला लावलं की काटा ज्याला हाडातून ऐकू येतो तो मंचावर, ज्याला येत नाही तो पापी.

प्रेषित मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. मंचावरून तो गरजला, "देव लाकडातून बोलतो, तुम्हाला ठाऊक नाही? लाकूड देवानंच नाही का केलं?"

तेव्हा गोगो नाफिरी नातीचा हात धरून पुढे आली. नातीनं तिच्या कानात ओरडून सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग आता काठीवाचून बोलू दे त्याला. आणि देवाला म्हण, मला एलिना म्हणून हाक मार." प्रेषित काठीकडे बघत होता. ती काठी माझ्या हातात होती. "नाही ना जमत," गोगो म्हणाली. "ते नाव माझ्या नातीनं तुझ्या तेलवालीला सांगितलं होतं. मी आठवडाभर रडले रे, आईसारखी हाक आली म्हणून."

त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. तो आपल्या होडीकडे चालत गेला आणि लोकांनी वाट दिली. बाम्बो मटेम्बा अजून मातीत बसले होते; कुणीतरी त्यांना खुणांनी सगळं समजावलं होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी पापी नाही?" त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी वाळूत बोटानं लिहिलं: कान गेले ते यंत्राच्या आवाजानं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

त्याच वेळी मागे ताडाला लोनेसच्या मांडीवर ओकली आणि तिचं अंग ताठ झालं.

लामेकनं तिला उचललं. कुणीतरी ट्रकवाल्याला हाक मारली. लोनेस सगळा रस्ता पोरीचा पाय धरून बसली होती. जिल्ह्याच्या इस्पितळातून तिला तसंच शहरात नेलं आणि त्याच संध्याकाळी कानामागचं हाड उघडून पू काढला. मेंदूचं आवरण सुजलं होतं, पण फुटलं नव्हतं. नऊ दिवसांनी ती उठून बसली आणि पहिल्यांदा कोंबडीची चौकशी केली.

महिन्याभरानं बाम्बो चिसालेंनी तिला तपासलं. नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठे ऐकू येतं, बोट दाखव." तिनं उजव्या कानाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी दांडी डाव्या कानामागच्या हाडावर ठेवली. तिनं पुन्हा उजवीकडेच बोट दाखवलं. म्हणजे सूर डोक्यातून पलीकडच्या शंखालाच पोचत होता. पू डाव्या शंखात शिरला होता. तो शंख आता कधी ऐकणार नाही. लाकूड लावा, स्क्रू बसवा, काहीही करा. उरला फक्त उजवा, आणि आता तो कोरडा ठेवण्यावर तिचं सगळं ऐकणं टांगलेलं आहे.

लोनेसनं विचारलं, "गुरुवारच्या तारखेला आणली असती तर?"

बाम्बो चिसाले गोड बोलणारा माणूस आहे. पण त्यांनी खोटं सांगितलं नाही. "तर बहुतेक दोन्ही राहिले असते," ते म्हणाले.

लोनेसनं ताडालाला जवळ ओढलं. आता सरोवराच्या पलीकडच्या काठावर कुणी काळी काठी घेऊन आलंय अशी बातमी येते, तेव्हा होडीत बसून जाणारी पहिली बाई तीच असते. तिला भाषण येत नाही. ती ताडालाला बरोबर नेते, मंचापाशी उभी राहते आणि तिथल्या आयांना जे सांगते तेच मीही इथे लिहून ठेवते. ऐकू आलं म्हणून नाचू नका, कशातून ऐकू आलं ते बघा. जो बरं केलं म्हणतो त्याला हातातली वस्तू खाली ठेवायला लावा आणि मग परत हाक मारायला सांगा. हाक आली नाही तर तिथे थांबू नका. पोराच्या कानातून पू येत असेल तर त्याच दिवशी इस्पितळात जा, कारण पू कुणाच्याही शनिवारची वाट बघत नाही.